डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापू का?

प्रश्न : ताई, माझा कोथरूडला वन बीएचके आहे, मी साताऱ्यात राहतो. दोन वर्षं राहिलेलं जोडपं गेल्या आठवड्यात घर सोडून गेलं. खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणतात, त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय. रंगाचे १८ हजार आणि बाथरूमची दुरुस्ती ५० हजारांच्या डिपॉझिटमधून कापून घेऊ का? शिवाय एजंट म्हणतो, पुढचा ११ महिन्यांचा करार नुसता नोटरी केला तरी चालतो. खरं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : रंगाचं आधी सांगते. नका कापू. दोन वर्षांत भिंती मळतातच, तुम्ही स्वतः राहिला असतात तरी मळल्या असत्या. फुटलेली काच, हरवलेली किल्ली, थकलेलं वीजबिल हे कापा, आणि पावती दाखवून कापा.

हे मी शहाणपणानं नाही, फजितीनं शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या डिपॉझिटमधून बेसिनला तडा गेला म्हणून मी दोन हजार कापले. पोरगा काही बोलला नाही. खिशातून मोबाइल काढला आणि राहायला आला त्या दिवशीचा फोटो समोर धरला. तोच तडा, तिथंच! पैसे परत दिले, वर चहा पाजला, तरी त्याच्याकडे बघवेना. तेव्हापासून किल्ली देताना मी घरभर फोटो काढते. पंखे, गीझर, नळ, किल्ल्या आणि मीटरचं रीडिंग एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेते.

आता ओल. प्लंबरला बोलवायची घाई करू नका. तो आला की आधी फरशी उखडायची भाषा करतो. तुमचं घर सध्या रिकामं आहे, ही संधीच समजा. पाण्याचा मुख्य कॉक चालू ठेवा, पण आठवडाभर आत कुणी थेंबभर पाणी वापरायचं नाही. आजींच्या छताला नुसता हात लावून बघायला सांगा. ओल वाढतच राहिली, तर भिंतीतली पाण्याची लाइन गळतेय. तिथं फरशीला हात लावायची गरज नाही. ओल सुकायला लागली, तर दोष एक तर फरशीत असेल किंवा सांडपाण्याच्या वाटेत. मग नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखाली पाणी जातं त्या भोकात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट कोंबा, दोनेक इंच पाणी तुंबवा, टाइलवर पेन्सिलीनं खूण करा आणि दिवसभर कुलूप लावून ठेवा. पातळी उतरली आणि खाली ओल आली, तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. नाही आली, तर फडकं काढून सगळं पाणी एकदम सोडा. त्यानंतर खाली ठिबकलं, तर ट्रॅपचा सांधा सुटलाय, म्हणजे तेवढीच जागा फोडून काम होतं. यातलं भाडेकरूनं काय केलं, सांगा बघू? फ्लॅटच्या आतली ही दुरुस्ती तुमच्याच खर्चानं करायची. गच्चीची किंवा बाहेरच्या सामाईक पाइपची गळती निघाली, तर मात्र सोसायटीकडे लेखी अर्ज द्या.

एजंटचं म्हणणं साफ चूक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ : करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मग तो ११ महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही, तर अटींबाबत वाद झाल्यावर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुद्रांक शुल्क किती, तर एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के दरानं धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. १६ हजार भाडं धरलं तरी ११ महिन्यांना पाचशेच्या आत-बाहेर. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. एवढ्यासाठी नोटरीची पळवाट कशाला? आधार कार्ड आणि अंगठ्यावर हे काम ऑनलाइन होतं, साताऱ्याहून येरझारा नकोत. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायला तेवढं विसरू नका.

आजींना मात्र आजच फोन करा. छत वाळलं की तेवढ्या तुकड्याचा रंग तुमच्याकडून, हे त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा. भाडेकरू बदलत राहतील, खालच्या आजी तिथंच राहणार आहेत.