सर्व्हर आयपीने पिंग होतो, पण विंडोज ९८ वरून नावाने शेअर उघडत नाही, असं का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसचं नेटवर्क राउटर टाकून दोन भागांत केलं आणि तेव्हापासून हे सुरू झालं. उत्तर त्यातच आहे.

पिंग (मशीन उत्तर देतं का ते बघणारी कमांड) आणि शेअर (सर्व्हरवरचं सामायिक फोल्डर) उघडणं, दोघांचा नाव शोधायचा रस्ता वेगळा. पिंग आधी होस्ट्स फाइल (मशीनवरचीच नाव-आयपीची यादी) आणि डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी सेवा) बघतो. नेटवर्क नेबरहुड किंवा 'नेट यूज' मात्र नेटबायॉसच्या (स्थानिक नेटवर्कवर मशीनना नावाने शोधायची जुनी पद्धत) वाटेने जातात, आणि त्यात डीएनएसचा नंबर सगळ्यात शेवटी. म्हणून नावाने पिंग लागला तरी शेअर उघडेलच याची खात्री धरू नका.

नेटबायॉसची विंडोजमधली पद्धत (मूळ मानकं: आरएफसी १००१ आणि १००२, मार्च १९८७) अशी: आधी स्वतःची कॅश, म्हणजे आधी सापडलेल्या नावांची तात्पुरती यादी बघायची, नंतर विन्स सर्व्हर (नेटबायॉस नावं आणि आयपींची नोंदवही ठेवणारा) दिलेला असेल तर त्याला विचारायचं, नाहीतर गल्लीत उभं राहून हाक मारायची, 'अमुक नावाचा कोण आहे?' ही हाक यूडीपी पोर्ट १३७ वर ब्रॉडकास्ट होऊन, म्हणजे नेटवर्कच्या त्या भागातल्या सगळ्यांना एकदम, जाते; साधारण पाऊण सेकंदाच्या अंतराने तीनदा. राउटर ब्रॉडकास्ट पलीकडे जाऊ देत नाही. तुमचा सर्व्हर आता पलीकडे आहे, त्याला ती ऐकूच येत नाही.

एकच जुनं मशीन असेल तर एलएमहोस्ट्स फाइल (नेटबायॉस नावं आणि आयपींची हाताने लिहिलेली यादी) पुरे. विंडोज ९८ मध्ये ती विंडोज फोल्डरमध्येच लागते. तिथे 'सॅम' एक्स्टेन्शनचा नमुना असतो, तो नुसता नमुनाच. खऱ्या फाइलला एक्स्टेन्शन नको, आणि नोटपॅड गुपचूप 'टीएक्सटी' जोडतं तेही बघा. एका ओळीत आयपी, मग नाव, मग हॅश लावून कॅपिटलमध्ये पीआरई. पीआरईमुळे नोंद आधीच कॅशमध्ये बसते; तो नसेल तर मशीन आधी हाका मारून दमतं आणि मगच फाइल उघडतं. बदल केल्यावर 'एनबीटीस्टॅट' कमांडला कॅपिटल आर देऊन कॅश नव्याने भरा.

नाव मनाचं देऊ नका. पोर्ट १३९ वर जोडणी करताना क्लायंट सर्व्हरला त्याच्या नेटबायॉस नावानेच बोलावतो. टोपणनाव दिलंत तर आयपी बरोबर असूनही सर्व्हर नकार देऊ शकतो. नावाला १५ अक्षरांची मर्यादा आहे, सोळावा बाइट सेवेचा प्रकार सांगतो (फाइल सर्व्हरसाठी हेक्स २०).

मशीन्स जास्त असतील तर फाइलींच्या नादी लागू नका, विन्स लावा. लिनक्सवर सांबा (विंडोजसारखे शेअर देणारा प्रोग्रॅम) असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये विन्स सपोर्ट चालू करा आणि तो आयपी प्रत्येक जुन्या मशीनच्या टीसीपी/आयपी प्रॉपर्टीजमधल्या विन्स टॅबमध्ये भरा. सर्व्हरलाही त्याच विन्सकडे स्वतःची नोंद करायला लावा, नाहीतर विचारून उपयोग नाही.

एवढं करून नाव सापडलं आणि तरी जोडणी झाली नाही, तर सर्व्हरवर एसएमबी १ (फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलची जुनी आवृत्ती) बंद आहे का ते तपासा. विंडोज ९८ ला दुसरं काही बोलता येत नाही.