आधी दोष लिही

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा दोन्ही सावकाश वाचले. तुमच्या कंपनीने स्वतःच बनवलेले जुने फ्रिज आणि वॉशिंग मशीन पुन्हा विकण्यासाठी ऑनलाइन दालन उघडायचे ठरवले आहे आणि ते काम तुझ्यावर आले आहे. कोणती संगणकप्रणाली घ्यावी, कमिशन किती ठेवावे, जुनी वस्तू देणाऱ्याला रोख द्यावी की खरेदीचे कूपन, या प्रश्नांनी तुझी झोप उडाली आहे. मला मात्र त्या आराखड्यातली जी एक ओळ खटकली, तिच्याविषयी तू काहीच विचारलेले नाहीस. वस्तूची स्थिती ‘उत्तम’, ‘चांगली’ की ‘बरी’ हे विकणाऱ्यानेच यादीतून निवडायचे, असे तू लिहिले आहेस. हे मला मुळीच मान्य नाही. दोष कंपनीच्या माणसाने शोधला पाहिजे आणि तो विक्रीपूर्वी, कंपनीच्या नावाने, लेखी सांगितला पाहिजे.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल जे मांडले, ते तुला ठाऊक असेलच. गाडीत काय बिघडले आहे हे विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधली किंमत देऊ करतो, त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात खराब मालच उरत जातो. ईबे या ऑनलाइन बाजाराने सुरुवातीच्याच काळात यावर उपाय काढला तो ग्राहकांच्या अभिप्रायांचा. जो विक्रेता पुन्हा पुन्हा विकतो, त्याला आपली पत सांभाळावी लागते, हे खरे. पण सांगलीतले एखादे कुटुंब दहा वर्षांतून एकदा वॉशिंग मशीन विकत असेल, तर त्याला अभिप्रायाची काय तमा? तिथे पत पणाला लागते ती तुमच्या कंपनीची, कारण यंत्रावर नाव तिचे असते.

आयकिया या फर्निचर कंपनीने 2024 मध्ये माद्रिद आणि ऑस्लो इथे सुरू केलेल्या प्रयोगाचा दाखला तू दिला आहेस. तिथे विकणारा स्वतःची छायाचित्रे आणि किंमत टाकतो, कंपनी आपल्याकडची मूळ छायाचित्रे आणि मापे जोडते आणि घेणारा थेट त्याच्या घरी जाऊन वस्तू उचलतो. कपाटाचा ओरखडा डोळ्यांना दिसतो, म्हणून ते तिथे चालते. बेअरिंगचा आवाज छायाचित्रात दिसत नाही, बाई! पॅटागोनिया ही अमेरिकी कंपनी आपले वापरलेले कपडे परत घेते, तपासते, धुते आणि मगच पुन्हा विकते. तुझा रस्ता त्या बाजूने जातो. आपल्याकडे दारावर येणारी बोहारीणसुद्धा साडी पूर्ण उलगडून, उजेडाकडे धरून, विरलेली जागा बोटांनी चाचपल्याशिवाय भांड्याचे नाव काढत नसे.

दोष लिहिणे म्हणजे काय, ते नीट समजून घे. ‘किरकोळ वापराच्या खुणा’ हे शब्द वापरायला तुझ्या माणसांना सक्त मनाई कर. कपडे पिळताना यंत्र हादरते का, दाराच्या रबराला बुरशी धरली आहे का, बोअरच्या पाण्याचे क्षार हीटरवर किती चढले आहेत, नियंत्रणाचे सर्किट बदलले असेल तर कधी बदलले, फ्रिजमध्ये गॅस पुन्हा भरला आहे का, पत्र्याला गंज कुठे आहे, हे सगळे साध्या मराठीत लिहिले गेले पाहिजे आणि प्रत्येक दोषाचे जवळून काढलेले छायाचित्र तिथेच असले पाहिजे. विजेचा झटका बसू शकेल असा दोष असेल, तर तो दुरुस्त झाल्याशिवाय वस्तू विकायचीच नाही. तुमच्या कंपनीकडे अनुक्रमांकावरून विक्रीची तारीख निघते, दुरुस्तीच्या नोंदी आहेत, सुटे भाग आहेत आणि ते यंत्र कानाने ओळखणारे तंत्रज्ञ आहेत. यातले काहीही उघड्या बाजारातल्या दालनांकडे नसते, आणि तू नेमके तेच बाजूला ठेवून त्यांची नक्कल करायला निघाली आहेस, याचा मला राग आला.

तुझे वरिष्ठ म्हणतील की हे महाग पडते. पडतेच. नव्या मालाचे एक वर्णन हजारो नगांना पुरते; जुन्या मालात प्रत्येक नगाचे छायाचित्र, वर्णन आणि किंमत वेगळी असते. म्हणूनच सगळ्या देशात एकदम उडी न मारता एका शहरात, एका दुरुस्ती केंद्रापासून आणि मोजक्या मॉडेलांनी सुरुवात कर. घरी माल उचलायला गेलेल्या माणसाने ऐनवेळी दारात किंमत पाडायची, ही या धंद्यात रुळलेली रीत तुमच्याकडे शिरू देऊ नकोस.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. घरगुती ग्राहकाकडून जुनी वस्तू घेऊन विकताना, खरेदीवरच्या कराची वजावट घेतली नसेल आणि किरकोळ प्रक्रियेपलीकडे वस्तूचे स्वरूप बदलले नसेल, तर जीएसटी फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. कॉम्प्रेसर बदलणे त्यात बसते का, हे करसल्लागाराकडून लेखी घे. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि त्यांत नूतनीकरण करणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते. जे यंत्र विकण्याजोगे राहिले नाही, ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच गेले पाहिजे.

मी नोकरीत असताना याच आग्रहापायी हट्टी ठरलो. तपासणी-पत्रक पूर्ण झाल्याशिवाय गोदामातून एकही नग सोडत नसे. विक्रीची गती मंदावते म्हणून माझ्याकडचा तपासणीचा विभाग पुढे दुसऱ्यांकडे गेला आणि तपासणी नुसत्या छायाचित्रांवर आली. त्यात माझे काय चुकले, हे आजवर मला कोणी पटवून देऊ शकलेले नाही. खंत वाटते ती त्या तपासनीसांची. कोणते मॉडेल कुठे दगा देते याची त्यांनी वर्षानुवर्षे वह्यांतून टिपणे केली होती. ती माणसे पांगली आणि वह्या रद्दीत गेल्या. तुमच्या दुरुस्ती केंद्रांतही अशा वह्या नक्की असतील.

तेव्हा संगणकप्रणाली विकणाऱ्यांच्या भेटी सध्या पुढे ढकल. आधी दुरुस्ती केंद्रात जा, तिथल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञाशेजारी बस आणि एका जुन्या यंत्राचे दोष तो सांगेल तसे स्वतःच्या हाताने लिही. ते पत्रक मला पाठव. रोख की कूपन, याचे उत्तर त्यानंतर देईन.

तुझा हितचिंतक