गॅस गिझर, बंद बाल्कनी आणि हवेची वाट

प्रश्न : आमचा एलपीजीवर चालणारा सहा लिटरचा गॅस गिझर बाथरूमला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीत आहे. पावसाचे पाणी आत येते म्हणून यंदा तिथे स्लायडिंग काचा लावून घेतल्या. थंडीत काचा बंद ठेवून गिझर वापरला तर चालेल का? बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : काचा बंद ठेवून गिझर वापरू नये, आणि एक्झॉस्ट फॅनच्या भरवशावर तर मुळीच राहू नये. गिझर बाथरूमबाहेर बसवण्याचा आपला निर्णय योग्यच होता. पण बाल्कनीला काचा लावल्या की तिची खोली होते, आणि तीही बहुधा बाथरूमपेक्षा लहान.

हिशेब करून पाहू. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापते असे धरले, तर दहा मिनिटांच्या आंघोळीला साधारण दीडशे ग्रॅम गॅस जळतो आणि त्यासाठी सुमारे ७० घनफूट हवेतला सगळा प्राणवायू लागतो. चार बाय पाच फुटांच्या, नऊ फूट उंचीच्या बाल्कनीत मुळात हवाच १८० घनफूट असते. प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून दोन-तीन टक्क्यांनी जरी उतरले, तरी ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो. त्याला रंग नाही, वास नाही; सिलिंडरच्या गॅसला येणारा वास मुद्दाम मिसळलेला असतो आणि तो ज्योतीतच जळून जातो, त्यामुळे नाक काहीच सांगत नाही. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळणे, पायांतले बळ जाणे ही लक्षणे लोक पित्तावर ढकलतात, आणि पुढे कडी काढण्याइतकेही त्राण उरत नाही.

फॅनचे म्हणाल, तर तो जितकी हवा बाहेर फेकतो तितकी त्याला कुठून तरी आत ओढावी लागते. दाराच्या फटीतून किंवा झडपेतून ती बाल्कनीकडूनच आली, तर गिझरची जळलेली हवा थेट आंघोळ करणाऱ्याकडे येते. ‘वीस मिनिटांनी गिझर आपोआप बंद होतो’ हे दुकानदाराचे आश्वासनही अपुरे आहे, कारण नळ पुन्हा सोडला की तो पुन्हा पेटतो.

उपाय फार खर्चाचा नाही. एका सरकत्या काचेच्या जागी कायम उघडी राहणारी अॅल्युमिनियमची झडप बसवावी, तिचा एक भाग छताजवळ आणि एक जमिनीलगत असावा; तापलेला धूर वर जातो, तर गळालेला एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. गिझरला धूर बाहेर नेणारा पाइप जोडता येत असेल, तर तो आधी सरळ वर नेऊन मग भिंतीबाहेर मोकळ्या हवेत काढावा. इमारतीच्या डक्टमध्ये तो सोडणे म्हणजे आपला धूर शेजाऱ्यांच्या बाथरूममध्ये पाठवणे होय, आणि दुर्दैवाने तसे सर्रास केलेले दिसते. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर दुरुस्ती होईपर्यंत गिझर बंदच ठेवावा.

प्रश्न : हिवाळ्यात आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीला, मुलीकडे राहणार आहोत. तिच्या दिवाणखान्यात काचेआड गॅसची शेकोटी आहे, पण छतावर धुराडे दिसत नाही. ती लावून बसणे सुरक्षित आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काच पक्की बंद असेल आणि मागच्या भिंतीबाहेर जाळीचे तोंड दिसत असेल, तर ती ‘डायरेक्ट व्हेंट’ पद्धतीची असावी. तिच्यात एकात एक दोन पाइप असतात. आतल्यातून धूर बाहेर जातो आणि बाहेरच्यातून ताजी हवा ज्योतीकडे येते, त्यामुळे खोलीतली हवा खर्चच होत नाही. मात्र ते तोंड बर्फाने बुजले की दोन्ही वाटा एकदमच बंद होतात, म्हणून हिमवर्षावानंतर ते मोकळे केल्याशिवाय शेकोटी लावू नये. काच तडकलेली किंवा काढलेली असतानाही लावू नये. पेटल्यावर ती काच हात भाजण्याइतकी तापते, तेव्हा नातवंडांना दूर ठेवावे.

शेकोटी समोरून उघडी असून तिला बाहेर जाणारा पाइपच नसेल, तर ती खोलीतल्या हवेवर जळते. अशी शेकोटी थोडाच वेळ आणि खिडकी किंचित उघडी ठेवून लावावी. ती पेटती ठेवून झोपू नये. कोणत्याही प्रकारची असली, तरी झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का हे मुलीला विचारावे आणि त्याचे चाचणीचे बटण एकदा दाबून आवाज ऐकून ठेवावा. तो खरोखर वाजला, तर सर्वांनी आधी घराबाहेर पडावे आणि मग ९११ ला फोन करावा.