पाच तारे मिळालेल्या नव्या क्वार्टरबॅककडून पहिल्याच हंगामात किती अपेक्षा ठेवावी?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही एम.एस.साठी नुकतेच अमेरिकेत आला आहात, तुमच्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघात यंदा पाच तारे मिळालेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू) दाखल झाला आहे, सोबत राहणारी मुले आतापासूनच त्याच्या नावाचा जप करू लागली आहेत, आणि पहिल्या हंगामात त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवणे रास्त ठरेल हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. माझे उत्तर असे की पहिल्या हंगामात कसलीही अपेक्षा ठेवू नका, दुसऱ्यापासून खेळ बघून ठेवा, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला त्याच्या फोनवर गाठून जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे असे कधीही समजू नका. शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, परंतु तो लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही.

हे तारे कशाचे असतात ते आधी पाहावे. २४७ स्पोर्ट्ससारखी संकेतस्थळे शाळकरी खेळाडूंना गुणवत्तेनुसार तारे देतात. दर वर्षी साधारण ३२ मुलांना पाच तारे मिळतात, कारण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टची, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीची, पहिली फेरी ३२ खेळाडूंची असते. म्हणजे हा मुलगा पुढे पहिल्या फेरीत निवडला जाण्याच्या योग्यतेचा ठरेल, असा तो अंदाज आहे. आणि शाळा संपून तीन वर्षे झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये उतरताच येत नाही. जो अंदाज मुळात तीन-चार वर्षांनंतरचा आहे, तो यंदाच्या सप्टेंबरात खरा व्हावा असा हट्ट धरणे म्हणजे मोहोर बघून आंब्याची पेटी मागणे होय.

मी डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरात राहतो. आम्ही घर घेतले तेव्हा शेजारचा मुलगा चौथीत होता. तो उंच होत गेला, शाळेत बास्केटबॉल खेळला, आणि अकरावीत फुटबॉलच्या प्रशिक्षकांनी त्याला लेफ्ट टॅकलच्या जागी, म्हणजे क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या पाच जणांच्या लाइनच्या डाव्या टोकाला, उभे केले. त्याला आधी तीन तारे होते. मग एका उन्हाळी शिबिरात, अंगावर पॅड नसताना, नुसत्या चड्डीत आणि बनियनमध्ये, त्याच्या हातांची लांबी मोजली गेली, त्याची पावले किती झटपट पडतात ते पाहिले गेले, आणि त्या एका दुपारनंतर त्याचे तारे चार झाले. डिसेंबर २०१७ मध्ये, विद्यापीठाच्या संघासाठी लवकर सह्या करण्याची मुभा पहिल्यांदाच मिळाली त्या वर्षी, शाळेच्या सभागृहात टेबलावर मांडलेल्या तीन विद्यापीठांच्या टोप्यांपैकी एक त्याने डोक्यावर चढवली. त्या विद्यापीठाचे नाव मी येथे लिहिणार नाही. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, त्याच विद्यापीठातून १९९० च्या दशकात शिकून बाहेर पडले आणि तेव्हापासून त्या संघाचे एकनिष्ठ चाहते आहेत, एवढेच सांगतो.

सही झाली तेव्हा मुलाचे वजन २६२ पौंड होते आणि जूनमध्ये येताना २९० करून ये, असे प्रशिक्षकांनी सांगितले होते. ते अठ्ठावीस पौंड कसे वाढले हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्याच्या आईने गॅरेजमध्ये वजनकाटा ठेवला होता आणि फ्रिजच्या दारावर दिनदर्शिका लावली होती, तिच्यात रोजचा आकडा लिहिला जाई. साठ-साठ अंड्यांचे खोके आठवड्याला संपत. तो रात्री दोनचा गजर लावून उठे, आईने करून ठेवलेला दूध, केळी आणि शेंगदाण्याच्या लोण्याचा मोठा ग्लास पिई आणि पुन्हा झोपे. आमच्याकडे आला की माझी पत्नी त्याला मेथीचे पराठे वाढी. सहाव्या पराठ्यानंतर त्याच्या चेहऱ्यावरून कळे की आता भूक उरलेली नाही, हे काम चालले आहे. ज्याला लोक वरदान म्हणतात ते असे घास मोजून तयार होत असते.

पहिले वर्ष, २०१८, त्याने रेडशर्टमध्ये, म्हणजे खेळण्याच्या ठरलेल्या वर्षांतले एकही खर्च न करता नुसता सराव करत, काढले आणि ते योग्यच होते, कारण लेफ्ट टॅकलला समोर बावीस-तेवीस वर्षांचे, चार-चार वर्षे लोखंड उचललेले गडी सामोरे येतात. दाजींना मात्र तेव्हापासूनच ते मान्य नव्हते. त्याच वर्षी सह्या केलेला क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स क्लेमसन विद्यापीठात चार सामन्यांनंतर पहिल्या फळीत आला आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याने अलाबामाला ४४-१६ असे हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. हे उदाहरण दाजी दर फोनवर देत. लॉरेन्सच्या पाठीशी असलेल्या बचाव फळीतले तिघे जण पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत निवडले गेले, हे ते कधी सांगत नसत.

मग ऑक्टोबर २०१९ उजाडला. आधीच्या लेफ्ट टॅकलचा गुडघा गेल्यामुळे आमच्या शेजारच्या मुलाला मध्येच उतरवण्यात आले होते. कोजागरीच्या आदल्या शनिवारी आम्ही ह्यूस्टनला दाजींकडे जमलो होतो, गॅसवर मसाला दूध आटत होते आणि दिवाणखान्यात सामना लागला होता. समोरच्या डिफेन्सिव्ह एन्डने, म्हणजे कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्या गड्याने, त्याला दोनदा बाहेरून वळसा घालून चकवले. तिसऱ्यांदा तो बाहेरच्या बाजूला आधीच झुकला, त्या गड्याने आतून मुसंडी मारली, क्वार्टरबॅकच्या पाठीवर आदळला, चेंडू सुटला आणि प्रतिस्पर्ध्यांनी तो शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाउन केला. संघ सामना तिथेच हरला. मुलगा एका गुडघ्यावर बसून गवताकडे पाहत होता आणि कॅमेरा त्याच्यावरून हलत नव्हता. दाजी जे बोलायचे ते बोलले. मी गप्प राहिलो, पाहुणा म्हणून गेलो होतो. त्यानंतर ते बराच वेळ फोनमध्ये डोके घालून बसले होते.

सोमवारी संध्याकाळी शेजारीण आमच्या दारात आली. मुलाने फोन बंद करून तिला पासवर्ड दिला होता, आणि त्याने पुन्हा फोन उघडण्याआधी ते सारे निरोप पुसून टाकायचे होते. मी संगणकातला माणूस म्हणून ती माझ्याकडे आली होती. आमच्या स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून मी चाळीस मिनिटे एकेक निरोप पुसत आणि एकेकाला ब्लॉक करत होतो. तीनशेच्या वर होते. त्यांत मरण चिंतणारे होते, आईविषयी लिहिणारे होते. एका निरोपाशेजारचा फोटो मी लगेच ओळखला: सिंहगडाच्या कल्याण दरवाजासमोर विद्यापीठाची टोपी घालून उभे असलेले दाजी. ‘शिष्यवृत्ती परत कर आणि घरी जा,’ एवढेच लिहिले होते. बाकीच्यांच्या मानाने तो निरोप सौम्य होता. मी तो पुसला, खाते ब्लॉक केले आणि पुढच्या निरोपाकडे गेलो. शेजारणीला काही सांगितले नाही.

दाजींना मी दुसऱ्या दिवशी फोन केला. त्यांचे म्हणणे असे होते की ते हंगामाची तिकिटे घेतात, देणगी देतात, या मुलांचे शिक्षण, राहणे आणि खाणे त्यातूनच होते. चार तारे मिरवायला आवडतात तर चार शब्द ऐकूनही घ्यावेत. या मुद्द्यावर आम्ही चार गणेशोत्सव वाद घातला आणि आता तो विषय दोघेही काढत नाही.

मला त्यांना तेव्हा नीट उत्तर देता आले नव्हते, ते आता देतो. तारे मुलाने मागितलेले नसतात. ते संकेतस्थळे देतात आणि वर्गणी भरून त्यांच्या याद्या वाचणारे आपणच असतो. मुलाचा करार विद्यापीठाशी असतो, त्याने खेळावे की बसावे हे प्रशिक्षक ठरवतात, आणि ते ज्या वेळी त्याला पुढे करतात ती वेळ पुष्कळदा दुसऱ्या कुणाच्या दुखापतीने ठरलेली असते. देणगी आपण विद्यापीठाला देतो. तिच्या बदल्यात एका मुलाच्या झोपेवर आपला हक्क निर्माण होत नाही. दाजी मूळचे कल्याणचे आहेत. जानेवारी २०१६ मध्ये प्रणव धनावडेने तिथे नाबाद १००९ धावा केल्या तेव्हा त्यांनी घरी पेढे वाटले होते. पुढे त्या मुलाच्या बॅटमधून तशा धावा निघेनात, तेव्हा त्याच्या वडिलांनी मुंबई क्रिकेट संघटनेला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवायला सांगितले. ते वाचून दाजींचे डोळे भरून आले होते, ‘पोराला वेळ द्यायला हवा होता’ असे ते म्हणाले होते. टेक्सासमधल्या पोराला तोच न्याय का लागू नाही, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

क्वार्टरबॅकच्या बाबतीत चाहत्यांचे वर्तन तर अधिकच वाईट असते. सप्टेंबर २०२१ मध्ये ओक्लाहोमाच्या स्वतःच्या मैदानात, वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध, विद्यार्थ्यांनी क्वार्टरबॅक स्पेन्सर रॅटलरला बसवून राखीव केलेब विल्यम्सला आणा अशा घोषणा दिल्या होत्या. रॅटलर तेव्हा आपल्या वर्षातला पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक म्हणून नावाजलेला होता आणि तो सामनाही ओक्लाहोमाने जिंकला. आमच्या भागातल्या साउथलेकचा क्विन यूअर्स, ज्याला तारे देणाऱ्यांकडून पैकीच्या पैकी गुण मिळाले होते, त्याने टेक्सासला लागोपाठ दोन हंगाम प्लेऑफच्या उपांत्य फेरीपर्यंत नेले, तरी त्याच्या जागी राखीव क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग हवा म्हणून लोक तगादा लावून होते. मॅनिंग दोन वर्षे बाकावर थांबून २०२५ मध्ये आला, हंगामाआधीच्या क्रमवारीत टेक्सास इतिहासात प्रथमच अव्वल ठरला, पहिला सामना ओहायो स्टेटशी ७-१४ असा हरला, आणि दोनच आठवड्यांनी ऑस्टिनच्या मैदानात त्याच लोकांनी त्याची हुर्यो केली. यूअर्स ड्राफ्टच्या सातव्या फेरीत गेला. त्याच २०२५ च्या ड्राफ्टमध्ये सर्वांत पहिला निवडला गेला तो कॅम वॉर्ड, ज्याला शाळेतून बाहेर पडताना एकही तारा नव्हता आणि ज्याचे गाव दाजींच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे.

तुमच्या क्वार्टरबॅकबद्दल थोडे कामाचे सांगतो. तो जानेवारीतच दाखल होऊन वसंतातला सराव करून आला आहे का, ते पाहा. जूनमध्ये आलेला मुलगा सप्टेंबरापर्यंत संघाच्या पुस्तकातले सगळे डाव क्वचितच पाठ करू शकतो. त्याच्यापुढे उभे राहून त्याचे रक्षण करणाऱ्या पाचांपैकी किती जण मागच्या वर्षी एकत्र खेळले आहेत, हे त्याच्या ताऱ्यांपेक्षा महत्त्वाचे आहे. रेडशर्टचे वर्ष न गमावता चार सामने खेळण्याची मुभा २०१८ मध्ये मिळाली, तेव्हा तो दोन सामन्यांनंतर दिसेनासा झाला तर ‘फुकट गेला’ असे समजू नका. तो रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) किंवा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) असता तर मी थोडे वेगळे लिहिले असते, त्या जागांवर पहिल्या वर्षीही मुले चमकतात. जो बरो हा क्वार्टरबॅक ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षे थांबला, मग एलएसयूत (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) पहिल्या वर्षी त्याने १६ टचडाउन फेकले आणि दुसऱ्या वर्षी ६०. दुसऱ्या वर्षापासून बघा असे मी म्हणतो ते यासाठी.

दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे मान्य केल्या पाहिजेत. तारे निरर्थक नसतात. गेल्या दोन दशकांतील बहुतेक विजेत्या संघांत चार-पाच तारे मिळालेल्या मुलांचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते, त्यामुळे संपूर्ण संघाबद्दल अपेक्षा ठेवणे चुकीचे नाही. दुसरे म्हणजे मी सांगितलेली घटना २०१९ ची आहे. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे आणि प्रतिमेचे पैसे घेता येतात, आणि २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ शकतात, २०२५-२६ मध्ये ही मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. ज्याला लाखो डॉलर मिळतात त्याच्या खेळावर कठोर टीका करणे मला आता गैर वाटत नाही. टीका खेळावर करावी आणि ती मित्रांमध्ये करावी; त्याच्या फोनवर नव्हे, आणि तो मैदानात असताना त्याच्या आईच्या कानांवर जाईल अशी तर नव्हेच.

आमच्या शेजारचा मुलगा २०२० च्या हंगामानंतर ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीतून, एका लहान विद्यापीठात गेला, तिथे दोन वर्षे प्रत्येक सामना खेळला, आणि आता एका माध्यमिक शाळेत शिकवतो व तिथल्या मुलांना लाइनवर उभे राहायला शिकवतो. त्याचे वजन उतरून २४० पौंड झाले आहे. मागच्या दिवाळीत घरी आला तेव्हा त्याने दोन पराठे खाल्ले आणि तिसरा नको म्हणाला.

दाजी हे उत्तर वाचतील याची मला खात्री आहे. त्या निरोपाबद्दल मी शेजारणीला आजवर सांगितलेले नाही आणि पुढेही सांगणार नाही. पण त्या मुलाला आपल्या हाताने दोन ओळी लिहाव्यात असे त्यांना वाटले, तर त्याचा पत्ता माझ्याकडे आहे.