पडद्यामागचं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : 'आधी बीज एकले' हा अभंग तुकोबांच्या गाथेत सापडत नाही. आमच्या भजनी मंडळात यावरून वाद झाला. खरं काय?
– एक वाचक, इंदापूर

तुमच्या मंडळात जो 'नाही' म्हणाला, त्याला माझ्याकडून एक चहा. हे पद तुकोबांचं नाहीच. ते लिहिलं शांताराम आठवल्यांनी, प्रभात फिल्म कंपनीच्या १९३६च्या 'संत तुकाराम' या चित्रपटासाठी. चाल केशवराव भोळ्यांची आणि गळा त्यात तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनिसांचा.

माझी आजी हे पद काकड्याला म्हणायची. शाळेत असताना मी एकदा, "आजी, हे सिनेमातलं आहे," म्हणालो, तर तिने टाळ खाली ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की पुढे चार दिवस मी तिच्या वाऱ्याला उभा राहिलो नाही. तिच्या देवघरात तुकोबांची जी तसबीर होती तीसुद्धा पागनिसांचीच! हे मात्र मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता खूण सांगतो. अख्खं पद म्हणून बघा, 'तुका म्हणे' कुठेच येत नाही. ही नाममुद्रा आठवल्यांना सहज घालता आली असती आणि मग गाथा चाळल्याशिवाय कोणाला पत्ता लागला नसता. त्यांनी ती घातली नाही, हे मला फार आवडतं. शब्द मात्र इतके साधे, बी-रोप-फळाचे, की ऐकणाऱ्याला सहीची आठवणच होत नाही.

प्रश्न : पागनीस आधी नाटकात बायकांच्या भूमिका करत, हे खरं का?
– एक वाचक, बार्शी

खरं. म्हणून प्रभातमध्येच त्यांच्या निवडीबद्दल कुरकुर होती. खुद्द दिग्दर्शक दामले आणि फत्तेलालही आधी राजी नव्हते. मुंबईच्या सेंट्रल थिएटरमध्ये चित्रपट वर्षाहून जास्त चालला, १९३७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही वाखाणला गेला. पण मला विचाराल तर अर्धा चित्रपट गौरी या नटीचा. प्रभातमध्ये किरकोळ कामं करणारी ही बाई तुकोबांची बायको जिजाई झाली आणि हातात वहाण घेऊन थेट विठोबालाच जाब विचारायला देवळात शिरली. तो प्रसंग आला की आजी टाळ्या वाजवायची. देवाच्या बाजूने नव्हे, जिजाईच्या.