कागदी काडतुसं : वास, मऊ धक्का आणि पावसाळी दिवस

प्रश्न : काका, मी मिनेसोटात राहते, गेल्या वर्षीपासून इथल्या क्लबात ट्रॅप शूटिंगला, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या छर्‍यांच्या बंदुकीने फोडायला, जाते. तिथले एक आजोबा कायम कागदी काडतुसंच वापरतात, त्यांनी मला एक बॉक्स दिला आणि खरं सांगू, तो वास आणि तो मऊ धक्का, मी प्रेमातच पडले. पण परवा पाऊस पडून गेल्यावर दोन काडतुसं चेंबरमध्ये (बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेत) जाईचनात, अर्ध्यावर अडकली. आजोबा म्हणतात ही पर्यावरणाला पण चांगली आणि रिकामी परत भरता येतात. मग कायम हीच घेऊ का?

उत्तर : अगं तू तर कागदी काडतुसांच्या माहेरीच राहतेस! फेडरल या काडतुसांच्या कंपनीचा कारखाना तुमच्याच राज्यात, अनोका गावात, आणि त्यांचं गोल्ड मेडल पेपर हे कागदी काडतूस अजून मिळतं. बाकी अमेरिकेत १९६० च्या सुमारास रेमिंग्टन कंपनीने काडतुसाला प्लॅस्टिकची नळी आणली आणि मग बघता बघता कागद मागे पडला.

तो वास मेणाचा. कागदाच्या पट्टीला गोंद लावून घट्ट गुंडाळत नळी करतात आणि ती मेणात मुरवतात, बार उडाला की आतलं मेण जळतं. उडवलेलं काडतूस गरम असतानाच नाकाशी धरून बघ, मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा वास आणि त्यात थोडा बंदुकीच्या दारूचा. मी तीस वर्षं ट्रॅप खेळतोय आणि अजूनही पहिल्या बारानंतर तेच करतो, त्यासाठी दोन पैसे जास्त गेले तर जाऊ देत.

धक्क्याचं मात्र नीट समजून घे. बंदूक तीच, छर्रे १ १/८ औंस, वेग तोच, दारू आणि वॅडचं (दारू आणि छर्‍यांच्या मधल्या बुचाचं) वजनही जवळपास तेच, तर मागे बसणारा धक्काही तेवढाच, नळी कागदाची असो की प्लॅस्टिकची. बॉक्सवर पावणेतीन ड्रॅम की तीन ड्रॅम लिहिलंय ते बघ, फरक तिथे पडतो (हे माप काळ्या दारूच्या जमान्यातलं, आत तेवढी दारू नसते). तरी मला स्वतःला कागदी मऊच वाटतं, खांद्याला वाटतं ते वाटतं.

आता अडकलेल्या काडतुसांचं. कागद ओल धरतो आणि फुगतो, मेण असलं तरी, आणि चेंबरमध्ये जागा केसभरच जास्त असते. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांची कागदी काडतुसं खंदकातल्या चिखलात अशीच फुगायची, शेवटी सैन्याला अख्खी पितळेची मागवावी लागली. आमच्या कोकणात माझ्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची १२ बोअरची बंदूक होती, ते आषाढ लागायच्या आत काडतुसं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून झाकणाच्या कडेला मेण लावायचे. तूही रबरी सील असलेला डबा घे, आत सिलिका जेलच्या पुड्या टाक, आणि बेसमेंटमध्ये किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नकोस. फुगलेलं काडतूस दाबून आत ढकलायचं नाही आणि ओव्हनमध्ये नाहीतर हीटरवर वाळवायचं तर अजिबातच नाही, क्लबात निकामी काडतुसांचा डबा असतो त्यात टाकायचं.

पर्यावरणाचं तुझ्या क्लबातल्या आजोबांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. नळी कुजते, पण बुडाचं धातूचं टोपण कुजत नाही, आणि गोल्ड मेडल पेपरमध्ये छर्‍यांखालचा वॅड प्लॅस्टिकचाच असतो, प्रत्येक बाराला तो मैदानात जाऊन पडतो, वर शिसं आहेच. इंग्लंडमध्ये कागदी नळी आणि आत फायबरचा वॅड अशी काडतुसं मिळतात, तिथे शेतात गुरं चरतात म्हणून बरेच जमीनमालक फायबर वॅडचा आग्रह धरतात. तुला खरंच कचर्‍याची काळजी असेल तर आधी वॅड बघ, नळी नंतर.

परत भरण्याचं म्हणशील तर जमतं, पण थोडेच वेळा. चांगली प्लॅस्टिकची नळी दहादा सुद्धा भरता येते, कागदी तीन-चारदा भरली की थकते. तोंडाच्या घड्या विसविशीत होतात, जुने लोक ते तोंड वितळलेल्या मेणात बुडवून परत कडक करायचे. खरी भीती खाली असते, धातूच्या टोपणाच्या जरा वर, तिथे कागद आतून जळत जातो. रिकामी नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून आत बघ, तिथे टाचणीच्या टोकाएवढा जरी उजेड दिसला तरी ती टाकून दे.

माझं विचारशील तर रोजच्या सरावाला प्लॅस्टिक, आणि कोरड्या थंड सकाळी एक राउंड, २५ बार, कागदीचा. मी असंच करतो आणि त्या २५ ची आठवडाभर वाट बघतो. आणि भरायला बसशीलच तर एक सांगतो, कागदी नळीचं बूड आतून वेगळं असतं, जागा वेगळी, त्यामुळे प्लॅस्टिकच्या नळीसाठी दिलेलं दारूचं माप हिला चालत नाही. काडतुसं भरण्याच्या मॅन्युअलमध्ये नेमक्या याच कागदी नळीसाठी जे माप, जो प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) आणि जो वॅड दिलाय तोच वापर, आणि पहिल्यांदा क्लबातल्या आजोबांच्या शेजारी बसून भर.