प्रश्न: आमची टीम दीडशे जणांची आहे. कंपनी म्हणते, पाचही दिवस ऑफिसला या. मोठ्या टीमचं काम समोरासमोरच चांगलं होतं का?

नाही. आणि हे मी हिंजवडीच्या ट्रॅफिकला वैतागून म्हणत नाहीये. (वैतागलोय, पण ते वेगळं.)

दीडशे माणसं कुठल्याच ऑफिसात एकत्र बसत नाहीत. एमआयटीच्या टॉमस अ‍ॅलन यांनी 1970 च्या दशकातच दाखवून दिलं होतं की टेबलांमधलं अंतर वाढलं की इंजिनिअर लोकांचं आपसातलं बोलणं झपाट्याने घटतं. साधारण 50 मीटरच्या पुढे ते नावापुरतं उरतं. म्हणजे चौथ्या मजल्यावरची टेस्टिंगची पोरं तुमच्यासाठी परगावचीच.

माझ्या एका जुन्या प्रोजेक्टात अमेरिकन क्लायंटला रोज पेमेंटची फाइल जायची. डॉक्युमेंटमध्ये तारीख महिना आधी, दिवस नंतर अशी होती. एकदा खाली टपरीवर चहा घेता घेता ठरलं की दिवस आधी टाकू. ना तिकिटात (कामाच्या ऑनलाइन नोंदीत) काही, ना मेल. फाइल तपासणारा कोड नागपूरहून काम करणाऱ्या सहकाऱ्याकडे होता. त्याला कोण सांगणार? बदल लाइव्ह गेला एक तारखेला. 12 तारखेपर्यंत फाइल बिनबोभाट पास होत राहिली, कारण 05/04 कशीही वाचली तरी तारीखच असते. 13 ला आपटली. तेरावा महिना आणणार कुठून? तोवर चुकीच्या तारखा पार क्लायंटच्या रिपोर्टपर्यंत पोचल्या होत्या. रात्रभर सगळे जागे, आणि सकाळी मॅनेजरसाहेबांचा निष्कर्ष: "म्हणून सांगतो, घरून काम होत नाही!" अहो, लिहिलेलं पाळणारा तो एकटाच होता! हे मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोललो. अप्रेझलमध्ये त्याची पोचही मिळाली.

लिनक्स कर्नलवर (म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) दर आवृत्तीला हजाराहून जास्त लोक जगभरातून काम करतात, दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनी 2005 मध्ये गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) लिहिलं ते याच कामासाठी. बदल का केला हे नीट लिहिलं नसेल तर तो परत पाठवतात, मग तुम्ही कुठेही बसलेले असा.

हां, फ्रेशर्सना मात्र कोणाच्या तरी शेजारी बसवाच. एकटं घरी बसून ती पोरं अडलेलं विचारत नाहीत. डिझाइन ठरवतानाही फळ्यासमोर उभं राहिलेलं बरं. कर्नल सांभाळणारे मुख्य लोकसुद्धा वर्षातून एकदा भेटतातच. पण पाच दिवस? तुमच्या मॅनेजरना एवढंच विचारा, की न्यू जर्सीचा रात्री साडेनऊचा कॉल घरून चालतो, तर सकाळचा स्टँडअप (रोजची छोटी मीटिंग) का चालत नाही?